न येणाऱ्या भूकंपाची किंमत

1993 साली आपल्या देशाचा भूकंपाचा जो नकाशा प्रचारात होता, त्यात पाच विभाग होते. पहिला विभाग सर्वांत निर्धास्त, पाचवा सर्वांत धोक्याचा. किल्लारी पहिल्या विभागात होती. त्या वर्षी 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा घरी आले आणि झोपले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. सूर्य उगवेपर्यंत किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी या गावांत दगडमातीचे ढीग उरले होते. आठ ते दहा हजार माणसे गेली. धक्का होता सव्वासहाच्या आसपासचा. एवढ्या मापाचा धक्का जपानात बसतो आणि पुष्कळदा माणसे दुसऱ्या दिवशी कामावर जातात.

मी तेव्हा बी.एड. होऊन नुकताच नोकरीला लागलो होतो. मुलांनी घरोघर फिरून धान्य आणि कपडे गोळा केले, ट्रक भरून पाठवला. त्या वेळी प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होते, ‘तिथे कधी भूकंप होत नव्हता.’ ते अगदी खरेही नव्हते. आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून किल्लारीत लहान लहान हादरे बसत होते आणि ऑक्टोबरातल्या एका धक्क्याने भिंतींना तडे गेले होते. पण नकाशा पहिला विभाग म्हणत होता, आणि छापील नकाशापुढे भिंतीच्या तड्याचे कोण ऐकतो?

नकाशा पुढे दुरुस्त झाला. 2002 साली पहिला विभागच रद्द केला गेला. या देशात ‘भीती नाही’ असा भाग नाही, एवढे सरकारी कागदाने मान्य केले, आणि किल्लारी तिसऱ्या विभागात गेली. आपले बेळगाव, धारवाड, विजापूर, तिकडे सोलापूर आणि पणजी, ही सगळी त्याच यादीत तिसऱ्या विभागात आहेत. तिसरा म्हणजे मध्यम. कागदावर मध्यम असला तरी आपल्या मनात तो शून्यच असतो. निपाणीच्या बाजारात उभे राहून कुणालाही विचारा, इथे काय पडते? पाऊस पडतो, तंबाखूचा भाव पडतो, भूकंप होत नाही.

नकाशांच्या बाबतीत आपण सीमाभागातले लोक जरा हळवे आहोत. 1956 च्या रेषेने आपली घरे इकडे राहिली आणि नातीगोती तिकडे. 1967 च्या ऑगस्टात महाजन आयोगाचा अहवाल आला, आणि त्याच वर्षी 11 डिसेंबरच्या पहाटे कोयनानगर हादरले. पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. ज्या दख्खनच्या पठाराला शाळेच्या भूगोलात आम्ही ‘स्थिर भूखंड’ म्हणून शिकवत आलो, त्याने दिलेला तो पहिला मोठा इशारा. कोयना निपाणीपासून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर, बेळगावपासून त्याहून साठेक लांब. त्या रात्री भांडी वाजली, माणसे अंगणात आली, हे आमच्या घरातली वडीलधारी मंडळी सांगत. पण सांगताना सूर पाहुण्याच्या घरी घडलेली गोष्ट सांगावी तसा. गंमत अशी की राज्याच्या सीमेची रेषा अजून कोर्टात आहे, आणि भूकंपाच्या नकाशावरच्या रेषा मात्र 1962 ते 2002 या चाळीस वर्षांत तीनदा सरकल्या. प्रत्येक वेळी आधी माणसे मेली, मग रेषा सरकली, असे म्हणायला जागा आहे.

आता मूळ प्रश्न. जिथे धोका कमी आहे, तिथे त्या धोक्यासाठी किती खर्च करावा? मी एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतले होते. तेव्हा असे प्रश्न परीक्षेपुरते असत. वर्षापूर्वी आमच्या शाळेला चार खोल्या बांधायचे ठरले आणि प्रश्न अंदाजपत्रक घेऊन समोर आला.

आमची जुनी इमारत 1938 ची, दगड-चुन्याची, वर मंगलोरी कौले. शाळा समितीतल्या काही जणांचे म्हणणे होते की नव्या पायाचा खर्च कशाला, याच भिंतींवर माडी चढवा. दोन-दोन फुटांच्या भिंती आहेत, हत्ती उभा केला तरी हलणार नाहीत. नऊ-दहा लाख वाचले असते. इमारत बघायला आलेला तरुण इंजिनियर गदगचा. त्याने भिंतीवर टकटक करून पाहिले, एका कोपऱ्यातला दगड काढायला लावला आणि म्हणाला, ‘सर, इदु झोन थ्री अदरी. माडी बेडा.’ मग मोडक्या मराठीत त्याने समजावले ते असे. भिंत दोन फुटांची दिसते, पण ती एक भिंत नाही. बाहेरच्या दगडांचा एक थर, आतल्या दगडांचा दुसरा, आणि मध्ये भरलेला चुरा. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड मध्ये मध्ये हवा, तो फार थोड्या ठिकाणी आहे. जमीन हलली की दोन थर एकमेकांपासून सुटतात, भिंत पोटातून फुगते आणि वरचा भार खाली येतो. किल्लारीत हेच झाले होते. तिथल्या भिंतीही जाड होत्या, आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर थंड राहावे म्हणून वर्षानुवर्षे चढत गेलेली ती माती. जाड भिंत बघून माणसाला जो धीर येतो, त्याच धिराखाली माणसे गाडली गेली.

मग चार खोल्या मोकळ्या जागेत, स्वतंत्र बांधायचे ठरले. अंदाजपत्रक बत्तीस लाखांचे. त्यात इंजिनियरने एक लाख तीस हजार रुपये वेगळे दाखवले होते. जोत्याच्या पातळीवर, दारे-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छताखाली चारी भिंतींना सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा, त्यात सळया, आणि प्रत्येक कोपऱ्यात पायापासून छतापर्यंत एक उभी सळई. एवढेच. खोक्याला सुतळी बांधावी तसा हा पट्टा चार भिंतींना बांधून ठेवतो. एक भिंत एकीकडे आणि दुसरी दुसरीकडे जात नाही. भिंतींना तडे जातील, खोली कदाचित कामातून जाईल, पण आतली मुले बाहेर पडेपर्यंत उभी राहील. भूकंपाच्या नियमांचा हेतू तेवढाच असतो. मोठ्या धक्क्यात इमारत वाचवण्याचा दावा ते करीत नाहीत, माणूस वाचावा एवढेच बघतात.

या एक लाख तीस हजारांवर आमच्या तीन बैठका झाल्या. पहिला आक्षेप आमच्या अध्यक्षांचा. वय ऐंशीच्या घरात, तंबाखूच्या वखारींत आयुष्य गेलेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा म्हणाले, ‘सर, माझ्या डोळ्यांदेखत या तालुक्यात हजारो भिंती पडल्या. सगळ्या पावसानं पडल्या. भूकंपानं पडलेली एक भिंत मला दाखवा.’ दाखवता येत नाही. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच फुगल्या आणि आपल्या जिल्ह्यात हजारो घरे बसली. यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आले. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. मातीची भिंत चार दिवस पाण्यात उभी राहिली की पाचव्या दिवशी खाली बसते, त्याला रिश्टर लागत नाही. पूर्ण पडलेल्या घराला तेव्हा सरकारने पाच लाख रुपये जाहीर केले. हे दर काही वर्षांनी दारात येणारे संकट सोडून, आदिलशाहीपासून ज्याची धड नोंद नाही त्याच्यासाठी तरतूद करायची?

आदिलशाहीचा उल्लेख मी उगाच केलेला नाही. इमारतींच्या हिशेबात जगभर एक माप वापरतात. पन्नास वर्षांत येण्याची शक्यता शंभरात दहा असेल, तेवढा धक्का धरायचा. सरासरीने तो 475 वर्षांतून एकदा येतो. एवढ्या वर्षांपूर्वी या मुलखात विजापूरच्या आदिलशहाचा अंमल होता. तेव्हापासून कोणत्या पहाटे कुठली उतरंड कोसळली हे कोण लिहून ठेवणार? ‘आमच्याकडे कधी झाला नाही’ या वाक्याचा खरा अर्थ ‘आमच्या आजोबांनी सांगितला नाही’ एवढाच असतो. माणसाची आठवण तीन पिढ्यांची, आणि जमिनीला तीन पिढ्या म्हणजे एक कूस.

तरी अण्णांच्या म्हणण्यातले तथ्य मी नाकारत नाही. जे संकट ठाऊक आहे त्याची तरतूद आधी करावी, हा व्यवहार आहे. फक्त एवढेच की, आमच्या खोल्या सिमेंटच्या जोत्यावर, नदीपासून लांब, उंचावर होणार होत्या. पावसाची तरतूद त्यांत आधीच होती. बत्तीस लाखांतला तो खर्च कुणी वेगळा काढून दाखवला नाही, म्हणून कुणाला तो खुपला नाही. वेगळी ओळ लिहिली की आकडा डोळ्यांवर येतो.

दुसरा आक्षेप जुनाच आहे. एक सद्गृहस्थ म्हणाले, ‘आयुष्याची दोरी आहे तोवर काही होत नाही.’ या विचाराची मी थट्टा करणार नाही. भल्याभल्यांना त्याने गाठले आहे. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचे प्रायश्चित्त आहे असे म्हटले. रवींद्रनाथांना ते मानवले नाही. निसर्गातल्या घडामोडी आणि माणसाची नीती यांची अशी गाठ घातली की अडाणीपणाला बळ मिळते, असा त्यांचा सूर होता. गांधीजींनी तो विरोध ‘हरिजन’मध्ये स्वतः छापला आणि उत्तरही दिले. वादाची ती रीत आता पाहायला मिळत नाही, पण तो विषय वेगळा. त्याच्याही आधी, 1 नोव्हेंबर 1755 रोजी लिस्बन शहर उद्ध्वस्त झाले (1 नोव्हेंबर आपल्याकडे वेगळ्या कारणाने लक्षात राहतो) तेव्हा व्हॉल्टेअरने विधात्यालाच जाब विचारला. रूसोने त्याला पत्रातून जे कळवले त्याचा आशय असा, की सहा-सहा सात-सात मजली हजारो घरे एके ठिकाणी दाटीने निसर्गाने बांधली नव्हती. अडीचशे वर्षांनी त्या वादात मी रूसोच्या बाजूला आहे. जमीन हलणे हे दैव मानायचे तर माना. भिंत मात्र गवंड्याने बांधलेली असते आणि तिचे पैसे एखाद्या समितीने मंजूर केलेले असतात.

तिसरा आक्षेप आमच्या विज्ञानाच्या बाईंचा होता, आणि त्याने मला काही रात्री झोप दिली नाही. शाळेत मुली निम्म्याहून जास्त, आणि त्यांच्यासाठी स्वच्छतागृहे दोन, त्यांतल्या एकाला पाणी नाही. बाई म्हणाल्या, ‘सर, महिन्याचे चार दिवस मुली घरी राहतात. काही जणी आठवीनंतर येतच नाहीत. त्यांचं नुकसान 475 वर्षांतून एकदा होत नाही, दर महिन्याला होतं.’ याला उत्तर काय? भूकंप येण्याची शक्यता आणि झालेच तर नुकसान किती, यांचा गुणाकार करून खर्चाशी ताडून बघणे ही हिशेबाची मान्य रीत आहे. त्या रीतीने बाई सरळ जिंकतात. दीड लाखाची स्वच्छतागृहे दहा वर्षांत जेवढ्या मुलींना शाळेत टिकवतील, तेवढे पुण्य त्या पट्ट्याच्या पदरात पडेलच असे कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

पण त्या गुणाकारात एक गोष्ट गळते. नुकसान कुणाचे आणि निर्णय कुणाचा, हे त्यात लिहिलेले नसते. मी माझे घर साध्या भिंतींचे बांधले आणि त्याच पैशांत मुलीला पुण्याला शिकायला ठेवले, तर तो धोका मी जाणून घेतला आहे. त्याला बेफिकिरी म्हणायचा अधिकार कुणाला नाही. शेतकरी तर रोज असे धोके घेतो. शाळेचे तसे नाही. 2009 च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांचे मूल शाळेत आणणे हे आमचे कर्तव्य झाले. आठवीतल्या मुलाला मी सांगतो की घरी राहू नकोस, शाळेत ये. गैरहजर राहिला तर पालकांना बोलावतो. घंटा झाली की दार लावून घेतो. त्याला कोणत्या भिंतीखाली बसवायचे हे मी ठरवतो, त्याला विचारत नाही. ज्याने धोका निवडलेला नाही त्याच्या वाट्याचा धोका आपण स्वस्तात विकत घ्यायचा नसतो, आणि त्यातून होणारी बचत त्याच्याच नावावर दाखवायची तर मुळीच नाही.

इटलीत मोलिसे नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथले सान ज्युलियानो दी पुल्या हे हजारेक वस्तीचे गाव. भूकंपाच्या सरकारी यादीत ते गाव धोक्याच्या विभागात नव्हतेच. गावच्या शाळेची इमारत जुन्या दगडी भिंतींची, आणि तिच्यावर काही वर्षांपूर्वी मजला चढवून वर काँक्रीटचे छत घातले होते. 31 ऑक्टोबर 2002 रोजी, शाळा भरलेली असताना, सहाच्याही आतला धक्का बसला आणि ती इमारत खाली आली. सत्तावीस मुले आणि एक शिक्षिका गेली. त्यांत पहिलीच्या वर्गातली मुले सर्वांत जास्त. गावातल्या इतर घरांना तडे गेले, पण त्या शाळेसारखे सपाट काही झाले नाही. पुढच्या वर्षी इटलीने आपला नकाशा बदलला. खटला चालला. शिक्षा झालेल्यांत बांधकाम करणारे होते, तंत्रज्ञ होते आणि गावचा महापौरही होता. त्याची स्वतःची मुलगी त्या शाळेत दगावली होती.

हे मी समितीत सांगितले तेव्हा कुणी काही बोलले नाही. मीही पुढे काही बोललो नाही. त्या महापौराने काय चुकीचे केले? त्याने नियम मोडण्याची खुमखुमी दाखवली नव्हती. वस्ती वाढत नव्हती, पैसे थोडे होते, जुन्या भिंती जाड होत्या आणि गाव यादीत नव्हते. त्या बैठकीला मी असतो तर मीही हात वर केला असता, असे मला अजून वाटते. म्हणून धोका कमी आहे एवढ्यावर मी समाधान मानत नाही. कमी म्हणजे क्वचित येणारा. आला तर हलका येईल असे त्याने कुठे कबूल केले आहे?

दुसऱ्या बाजूचेही सांगायला हवे, नाहीतर मी गणित सोडून वकिली करतो आहे असे होईल. 26 जानेवारी 2001 रोजी कच्छचा भूकंप झाला त्या सकाळी अंजारमध्ये शाळकरी मुलांची प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी निघाली होती. अरुंद गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर कोसळली. 185 मुले आणि 20 शिक्षक तिथे गेले. आता तिथे ‘वीर बालक स्मारक’ आहे. त्यांची शाळा पोलादाची असती तरी ती मुले वाचली नसती. एका इमारतीला पट्टा बांधून मुख्याध्यापक मोकळा होतो असे ज्याला वाटते, त्याने ती गल्ली डोळ्यांपुढे आणावी. त्याच दिवशी धक्क्याच्या केंद्रापासून सव्वादोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत अनेक मजली इमारती कोसळून शेकडो माणसे मेली. अहमदाबाद आपल्यासारखेच तिसऱ्या विभागात. पडलेल्या इमारतींपैकी पुष्कळ नव्या होत्या, खाली मोटारींसाठी नुसते खांब आणि वर मजल्यांवर मजले. कच्छचा धक्का कोयनेच्या मानाने कितीतरी मोठा होता, तेव्हा तुलना ताणायला नको. पण बेळगावात काय आणि निपाणीत काय, आता त्याच धर्तीच्या इमारती उभ्या राहत आहेत, आणि फ्लॅट घेताना लोक फरशी कोणती एवढे विचारतात.

आणि जास्त भीतीचीही किंमत असते. किल्लारीनंतर बावन्न गावे उचलून नव्या जागी वसवली. माणसे वाचतील अशी घरे मिळाली, हे मोठे काम झाले, त्याला नावे ठेवणार नाही. पण सरळ रेषेतल्या शहरी वसाहतीसारख्या त्या मांडणीत जुनी गल्ली गेली, सोपा गेला, गोठा लांब पडला. दगड पाहिला की लोकांच्या अंगावर काटा येई, म्हणून पुष्कळांनी चांगले दगडही टाकून दिले. वस्तुतः दगडाचा दोष नव्हता. तोच दगड नीट सांधून, आरपार दगड घालून, पट्ट्याने बांधला तर उभा राहतो. त्याच पुनर्वसनात जुनी घरे अशी दुरुस्त करून भक्कम करण्याचे कामही मोठ्या प्रमाणावर झाले. त्याची चर्चा कमी झाली, कारण त्यात उद्घाटन करण्यासारखे काही नसते.

यावरून आमच्या कमानीची गोष्ट आठवली. अंदाजपत्रकात प्रवेशद्वाराची कमान होती, सव्वादोन लाखांची. पुण्यात स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने आईच्या स्मरणार्थ दिलेले पैसे. तीन बैठका आम्ही पट्टा की स्वच्छतागृह यावर भांडलो, आणि कमानीकडे कुणाची नजर गेली नाही. गरीब संस्थेत दोन गरजूंचीच आपसात लावून दिली जाते, तिसरा मजेत बाजूला उभा असतो. कमानीवर नाव कोरता येते. भिंतीच्या पोटातल्या पट्ट्यावर गिलावा चढला की तो दिसतही नाही. मी त्या विद्यार्थ्याला पत्र लिहिले. महिन्याने त्याचा फोन आला. पैसे स्वच्छतागृहांना वापरायला त्याची हरकत नव्हती, पण आईचे नाव तिथे घालायला मन होईना. शेवटी नाव एका नव्या वर्गाच्या दारावर आले आणि पैसे मुलींच्या स्वच्छतागृहांना गेले. पट्टाही झाला. सळया बांधत असताना बाई रोज मधल्या सुट्टीत तिथे उभ्या असत, कोपऱ्यातली सळई गवंडी विसरतो का ते बघायला.

नवे बांधताना म्हणून हा प्रश्न मला आता फारसा छळत नाही. शंभरात चार रुपये जास्त. त्या चार रुपयांसाठी हिशेबाची पाटी पुढे करणे बरे नव्हे. अवघड आहे ते जुन्याचे. जे आधीच बांधलेले आहे, ते भक्कम करायला नव्याच्या कितीतरी पट खर्च येतो, आणि आपल्या गावांत तर सगळेच जुने आहे. न्यूझीलंडचे उदाहरण इथे विचार करण्यासारखे आहे. 22 फेब्रुवारी 2011 रोजी क्राइस्टचर्चच्या भूकंपात 185 माणसे गेली. त्यांतली 115 एकाच इमारतीत होती, आणि ती इमारत जेमतेम पंचवीस वर्षांची. देश हादरला. 2016 साली जुन्या कमकुवत इमारती भक्कम करण्याचा कायदा झाला. धोका जास्त तिथे मुदत थोडी, आणि ऑकलंडसारख्या कमी धोक्याच्या भागात पस्तीस वर्षांची. मालक कर्जात बुडू लागले, इमारती ओस पडू लागल्या. 2025 साली तिथल्या सरकारने ऑकलंड आणि त्याच्या उत्तरेचा भाग या सक्तीतून वगळण्याचे जाहीर केले. खर्चाच्या मानाने वाचणारे जीव फार थोडे, असे कारण दिले.

हा निर्णय मला निर्दय वाटत नाही. त्यांनी निदान ‘इथे भूकंप होत नाही’ असे म्हटले नाही. धोका आहे, एवढा आहे, आणि तो आम्ही पत्करतो आहोत, असे लोकांसमोर आकडे मांडून सांगितले. ज्यांच्या डोक्यावर ते छप्पर आहे त्यांना मतपेटीतून उलट बोलता येते. आपल्याकडे आपणही तोच धोका पत्करतो, पण कुणीही तसे म्हणत नाही. मंजूर कोणी केले हे कुठल्या ठरावात सापडत नाही.

आमच्या 1938 च्या इमारतीला पूर्ण भक्कम करायचे तर नऊ लाख लागतील असा अंदाज इंजिनियरने दिला आहे. आरपार भोके पाडून त्यांत सळया आणि काँक्रीट घालायचे, कोपरे आणि भिंतींचे माथे बाहेरून जाळी व सिमेंटने बांधायचे. नऊ लाख नाहीत. त्याला मी विचारले, सगळे जमत नसेल तर आधी काय पडेल ते सांगा. त्याने पश्चिमेच्या टोकाची, कौलांखालची त्रिकोणी भिंत दाखवली. तिला वर कशाचाच आधार नाही. तिच्या पायाशी आठवी ‘ब’ बसत असे. या मे महिन्यात त्या भिंतीचा वरचा भाग उतरवून तिथे पत्रा मारला, खर्च अठ्ठावीस हजार. आठवी ‘ब’ नव्या खोलीत गेली, आणि जुन्या खोलीत जुने बाक आणि निवडणुकीच्या पेट्या ठेवायची लाकडी मांडणी ठेवली आहे. उरलेल्या इमारतीत अजून पाच वर्ग भरतात. तिथे धोका आहे आणि तो आपण तूर्त पत्करत आहोत, असा ठराव मी कारणांसह लिहून ठेवला आहे. पालकसभेत तो वाचून दाखवावा असे माझे म्हणणे आहे. अण्णांना ते पसंत नाही, लोक घाबरून मुले काढतील म्हणतात. तुळशीच्या लग्नानंतर समितीची बैठक आहे, त्यात ते ठरेल.